बॉनेटखालची धग

पळसदेव, उन्हाळा 2024

16 एप्रिल, मंगळवार
बारामतीहून भर दुपारी घरी. गाडी शेडमध्ये लावली, किल्ली काढली. पंखा चालूच. आबा ओसरीवरून म्हणाले, "इंजिन बंद केलंस ना पोरी? मग पंखा कुणासाठी चाललाय?"
बराच वेळ चालला. पुढून वास येत होता. जळका नाही, तापलेल्या रबराचा.

17 एप्रिल, बुधवार
रामनवमी. गाडी काढली नाही. सकाळी नुसतं बॉनेट उघडून पाहिलं. वायरिंगवरचं काळं आवरण टर्बोच्या बाजूला ठिसूळ झालंय. चिमटीत धरलं तर भुगा हाताला आला. गाडी सेकंडहँड घेतलेली असली तरी तशी नवीच म्हणायची.

20 एप्रिल, शनिवार
सर्व्हिस सेंटर. "टर्बो पेट्रोल आहे मॅडम, गरम होणारच. टेम्परेचरचा काटा मध्यावर आहे ना?"
काटा मध्यावर आहे. गाडी रॅम्पवर चढवलीसुद्धा नाही.

22 एप्रिल, सोमवार
स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र मागवलं होतं, ते आलं. मोबाइलवर आकडे दिसतात.
डाळज ते भिगवण, हायवेला: कूलंट 93, इंजिनात जाणारी हवा 49. भिगवणच्या चौकात ट्रकमागे थांबले: कूलंट 104, हवा 66 आणि चढती. काटा तसूभरही हलला नाही.
बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच तसा बसवलेला असतो. साधारण 80 ते 110 च्या दरम्यान मध्यावरच राहतो, चालवणारा घाबरू नये म्हणून. मला हे पटत नाही. आकडा लपवून दिलेला धीर काय कामाचा? शिवाय काटा फक्त पाण्याचं सांगतो. बॉनेटखालची हवा, वायरी, नळ्या, बॅटरी यांचं काय चाललंय ते त्याला कळतच नाही.

25 एप्रिल, गुरुवार
रात्री वीज नव्हती. आबांना टर्बो समजावून सांगितला. खरं तर सांगावं लागलंच नाही. साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसला आयुष्य गेलं त्यांचं. "म्हणजे आमच्याकडं वाफेवर टर्बाइन, हिच्यात धुरावर."
अगदी तेच. पेट्रोलच्या उष्णतेतली ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांना मिळते, एक तृतीयांश पाण्यात जाते, उरलेली धुरावाटे बाहेर. त्या वाया जाणाऱ्या धुरावर चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली याचं पेटंट घेतलं. छोट्या गाडीतलं चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा तापट. जोर लावला की 900 अंशांच्या पुढे. आणि एवढं सगळं रेडिएटरपासून वीतभर अंतरावर.
आबा गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्या टर्बाइनला धग अडवायला जाड लगद्याचा थर असायचा, वर पत्रा. हिला?"
पातळ पत्र्याचं शिल्ड.
"आणि शेडला वर मोकळी जागा असायची, गरम हवा जायला. हिची गरम हवा कुठून जाते?"
उत्तर देता आलं नाही.

28 एप्रिल, रविवार
भिगवणचा मिस्त्री. माणूस चांगला, हात सफाईचा. दोन उपाय सुचवले: थर्मोस्टॅट काढून टाकू, बॉनेटच्या मागच्या बिजागरीत वॉशर घालून फट पाडू.
दोन्हीला नाही म्हटलं. थर्मोस्टॅट काढला तर हायवेला इंजिन गारठेल, पेट्रोल जास्त पिईल, आणि टर्बोची धग आहे तिथेच राहील. काचेच्या बुडाशी, गाडी पळत असताना, हवेचा दाब जास्त असतो. फटीतून गरम हवा निघायच्या ऐवजी बाहेरची आत येईल. गाडी उभी असताना बॉनेटखालचा वास थेट एसीच्या तोंडात.
मिस्त्री म्हणाला, "ताई, मग तुम्हीच सांगा."

2 मे, गुरुवार
बारामती, भिगवण रोड, दुपारचा एक. सिग्नलवरून निघताना गाडीत जीवच नाही. आत येणारी हवा 71.
तापलेली हवा विरळ. शिवाय ती आत गेली की पेट्रोल आपोआप पेटून इंजिन ठोकायला लागण्याची भीती. म्हणून कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो, टर्बोचा दाब उतरवतो. ठिणगी उशिरा पडली की धूर आणखी तापून बाहेर पडतो. तो बॉनेटखाली आणखी धग करतो. पुन्हा हवा तापते.
चक्रात कुठेतरी शिरायला हवं.

6 मे, सोमवार
निवडणुकीची ड्युटी. उद्या मतदान. गाडी घरीच.

7 मे, मंगळवार
पहाटेपासून केंद्रावर. रात्री उशिरा मशिन जमा. पाय सुजलेत.

10 मे, शुक्रवार
अक्षय्य तृतीया. आमरस. आबांच्या डोळ्याची तारीख मिळाली, 28 मे, बारामती. ऑपरेशन करून दुपारीच घरी सोडतील. ताज्या डोळ्यानिशी त्यांना हायवेवर उन्हात बसवून ठेवायची वेळ येता कामा नये.

12 मे, रविवार
मिस्त्रीच्या खड्ड्यावर गाडी. दोघं खाली उतरलो.
इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर नाही. अख्खंच नाही. खिळ्यांची भोकं तेवढी आहेत, एका भोकात तुटलेली क्लिप. मागच्या मालकाने काढलं की कुठल्या गतिरोधकावर गेलं, कळायला मार्ग नाही.
रेडिएटरच्या दोन्ही कडांना फोमच्या पट्ट्या असतात. एका बाजूची गायब.
एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत टॉर्च मारला. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी चालते, त्या पाचटाचा भुगा. उजनीच्या बॅकवॉटरवरची चिलटं. वर धूळ. सगळ्याचा नमदा झालेला. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते.

रात्री. आबांना सांगितलं. गाडी पळते तेव्हा समोरची हवा रेडिएटरमधून आत शिरते, मागे-खाली निघून जाते. खालचं कव्हर नसलं की खालून दुसरी हवा वर घुसते, आतलीची वाट अडवते. आणि उभ्या गाडीत पट्टी नसलेल्या कडेने पंख्याची गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते. पंखा तीच हवा परत ओढतो.
"शेडचं छप्पर बंद केलंय म्हण की," आबा म्हणाले.

13 मे, सोमवार
कव्हर, पट्टी, क्लिपा मागवल्या. पुण्याहून यायच्या आहेत.

16 मे, गुरुवार
बंपर उतरवून धुलाई. मिस्त्रीला प्रेशर वॉशरचा जोराचा फवारा मारू दिला नाही, पाकळ्या वाकतात. साध्या नळीने, इंजिनाच्या बाजूने पुढे. काळं पाणी निघत राहिलं. आबा खुर्ची टाकून बसले होते. बॉयलरच्या ट्यूबा साफ करताना बसायचे तसे.

19 मे, रविवार
उजनी धरणाचं पाणी खाली खाली गेलं आहे. पळसनाथाचं देऊळ उघडं पडलंय. ऑपरेशननंतर धूळ चालणार नाही, म्हणून आबा आजच जाऊ म्हणाले.
गाडी वर ठेवली. भेगाळलेल्या गाळातून पायी. आबांनी धरणात गेलेल्या जुन्या गावातली आमच्या घराची जागा दाखवली. मला नुसता गाळ दिसत होता. ते मात्र उंबऱ्यापासून मोजत गेले: इथे गोठा, इथे आड. मग देवळाच्या दगडांना हात लावून बराच वेळ उभे.
परतताना एका टपरीवर चहा. त्यानंतर गाडी लगेच सुरू होईना. स्टार्टर नुसता फिरला, मग कशीबशी धरली. इंजिन बंद झालं की समोरून येणारी हवाही थांबते, पाणीही मंदावतं. टर्बोच्या लोखंडातली धग मग मिळेल त्याला चिकटते. बंद केल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं चालत्या गाडीपेक्षा वाईट.
आबा म्हणाले, "बंद करण्याआधी मिनिटभर सावकाश फिरू दे. टर्बाइन कधी एकदम थांबवायची नसते." टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जागेवर जळून कोळसा होतो, तो यानेच टळतो.

22 मे, बुधवार
काल संध्याकाळच्या वादळात कुगावहून कळाशीला येणारी बोट उलटली. एकजण पोहून बाहेर आला. सहाजणांचा शोध चालू आहे. आबांनी त्या पाण्यावरून किती येजा केली आहे. दिवसभर कुणी धड जेवलं नाही.

24 मे, शुक्रवार
सहाही जण गेले.

25 मे, शनिवार
सामान आलं. बसवलं.

26 मे, रविवार
आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला इन्फ्रारेड तापमापी पुन्हा आणला. चकचकीत धातूवर तो खोटं वाचतो, म्हणून मोजायच्या जागी काळी टेप चिकटवली होती. कव्हर बसवण्याआधीचे आकडे वहीत होतेच.
त्याच चौकात, तेवढाच वेळ उभी, एसी चालू. बॅटरीची कड: आधी 78, आज 63. आत येणारी हवा: 66 च्या जागी 54. कूलंट 104 वरून 99. टर्बोजवळची वायर फार उतरलेली नाही, ती तशीही आगीशेजारीच आहे. तिला उष्णतारोधक नळी घालणार.
ऊन आजही तेवढंच होतं.

28 मे, मंगळवार
आबांचं ऑपरेशन नीट झालं. दुपारी दोनला निघालो. एमआयडीसीपाशी ट्रॅफिक तुंबलेलं. एसी शेवटपर्यंत गार. आबा डोळ्यावर पट्टी बांधून पुढच्या सीटवर. विचारत होते, "आकडा किती?"
"97."
"पाणी कितीला उकळतं हिचं?"
सांगितलं. रेडिएटरच्या झाकणाने साधारण एक बारचा जादा दाब धरला की साधं पाणीही 120 च्या आसपास उकळतं. कूलंट आणखी वर.
"मग चल निवांत."

1 जून, शनिवार
कूलंटची पातळी खुणेच्या खाली. शोधलं. टर्बोमागच्या प्लास्टिकच्या जोडाला केसाएवढी चीर. इतके महिने भाजत होता तो. कव्हर बसलं म्हणून भाजलेलं प्लास्टिक बरं होत नाही. जोड बदलून घेतला, शेजारची नळीही.

3 जून, सोमवार
मिस्त्रीचा फोन. माझ्याच गाडीसारखी एक आली आहे, पुण्याच्या माणसाची, सोलापूरला निघालेला. पंखा थांबत नाही, पिकअप नाही. खाली वाकून पाहिलं तर कव्हर नाही.
"ताई, ते आकड्यांचं यंत्र घेऊन येता का?"
उद्या सकाळी जाते. आबाही येतो म्हणतात, काळा चष्मा लावून.