स्प्रिंग आत, जीव मुठीत

प्लंबर गायमुखला ट्रॅफिकमध्ये अडकलेला. “ताई, आज काही खरं नाही.” घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला या कारणावर शंका घेता येत नाही. इकडे बाथरूममध्ये पाणी तुंबलेलं. मग कासारवडवलीच्या हार्डवेअरवाल्याकडून पाच मीटरची स्प्रिंग आणली. गोल डब्यात गुंडाळलेली लवचिक स्टीलची तार, बाहेर हँडल. “फिरवत आत सोडा, बस,” तो म्हणाला. बस म्हणायला त्याचं काय जातं!

आत म्हणजे नेमकं कुठे, इथूनच माझी सुरुवात. खालच्या मजल्यावरचे काका आपणहून वर आले. वागळे इस्टेटच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर मेंटेनन्स केलेला. शिवाय माझं बाथरूम त्यांच्या छताच्या बरोब्बर वर आहे, त्यामुळे ही आस्था निव्वळ परोपकाराची नसावी. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा, “पाइप मोकळा करायची पावडर ओतलीस का?” नव्हती ओतली. त्या पावडरीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. ती ओतून पाइप मोकळा झाला नाही, तर तेच दाहक पाणी आत साठून राहतं आणि स्प्रिंग ओढताना हातावर, डोळ्यांत उडतं. तशा वेळी स्प्रिंगला हातच लावायचा नाही. पावडरीवर ॲसिड ओतणं तर त्याहून वाईट; आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो.

गॉगल लावला, घट्ट बसणारे रबरी हातमोजे घातले. जाळी काढली. खाली नहाणी ट्रॅप. त्यात कायम थोडं पाणी थांबतं आणि तेच गटाराचा वास वर येऊ देत नाही, हे मला पन्नाशीत कळलं.

स्प्रिंग सोडली, की लगेच अडली. मी जोर लावला तर बाहेरचा भाग उसळून वाकडा झाला. “अगं, मधे वीतभरच मोकळी ठेव! आणि ढकलू नकोस, फिरव.” घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवायचं, उलटं फिरवलं तर वेटोळी सैल होतात, टोक निसटू शकतं. पीव्हीसीचे सांधे नुसते चिकटवलेले असतात, धसमुसळेपणा केला तर एल्बो सुटायचा आणि काकांच्या छताला ओल. एवढ्यासाठीच ते स्टूल घेऊन बसले होते.

हळूहळू हाताला फरक कळायला लागला. वळणावर तार कडक अडते, पण फिरवत राहिलं की पुढे सरकते. गुंता लागला की हँडल जड होतं, सोडलं तर किंचित मागे फिरतं. तिथे थांबून फिरवत राहायचं आणि फिरवतच बाहेर ओढायचं. जुन्या फडक्याने पुसत ओढली, तर टोकाला केस, साबणाचा थर आणि शाम्पूच्या पुडीचा कोपरा. पाणी गुडगुडलं आणि उतरलं. मी ओरडलेच.

हुरूप येऊन बेसिनकडे वळले. तिथे बॉटल ट्रॅपमधून स्प्रिंग जातच नाही. खाली बादली ठेवून तो हाताने खोलायचा आणि भिंतीतल्या पाइपात थेट घालायची. कमोडमध्ये मात्र काकांनी घालू दिली नाही, उघड्या तारेने चिनीमातीवर चरे पडतात.

मग मी विचारलं, सोसायटीच्या चेंबरमध्येही हीच घालता येईल का? काका एकदम गंभीर झाले. एकाहून जास्त घरांत पाणी उलटं चढत असेल, तर तुंबलेलं तिथे, आणि ते काम जेटिंगच्या गाडीचं. झाकण उघडून माणूस उतरवायचा नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त असेल तर नाकाला वासही येईनासा होतो. इथून जवळच, ढोकाळीत, मे २०१९ मध्ये एका गृहसंकुलाच्या सांडपाणी टाकीत तीन सफाई कामगार गुदमरून गेले. गटारात माणसाला असं जीव धोक्यात घालून उतरवायला बंदी घालणारा कायदा त्याआधीच, २०१३ पासून, होता.

स्प्रिंग धुऊन, वाळवून, तेलाचं बोट फिरवून ठेवली, नाहीतर गंजते. आता तिला वरच्या मजल्यावरून मागणी आहे. देताना मी काकांच्याच आवाजात आधी पावडरीचं विचारते.