कंबरेला काम द्या

ग्रंथालयातली नोकरी म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर खुर्ची-टेबल येतं. प्रत्यक्षात नव्या पुस्तकांचे खोके फोडणं, बाइंड केलेले जुने अंक हलवणं, वर्षाकाठची पुस्तकमोजणी ही सगळी कामं वाकून करायची असतात. साताऱ्यातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. अशाच एका मोजणीत खालच्या कप्प्यातून अंकांचा गठ्ठा उचलताना कंबरेत उसण भरली. दोन-चार दिवसांत जाईल म्हणून तेल लावलं, शेकलं. ती गेली नाही. कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरू लागली. रिक्षा खड्ड्यातून गेली की डोळ्यांत पाणी यायचं.

एमआरआय काढला. मणक्यांमधली गादी झिजली आहे आणि मागे फुगली आहे, असं अहवालात लिहून आलं. मग पट्टा, ट्रॅक्शन, गोळ्या आणि विश्रांती. वाकायचं नाही, उचलायचं नाही, जिने नकोत. सासूबाई माझ्या हातातली बादली काढून घ्यायच्या. कॉलेजातले शिपाई मामा खालच्या कप्प्याकडे मला फिरकू द्यायचे नाहीत. त्यांची माया खरी होती. पण महिन्यांमागून महिने गेले, दुखणं जागचं हललं नाही आणि पायांतला जोर मात्र कमी होत गेला. खाली पडलेला चमचा दिसला तरी छातीत धस्स व्हायचं.

एका मैत्रिणीने फिजिओथेरपिस्टचा पत्ता दिला. वयाने माझ्या मुलीएवढी. तिने अहवाल वाचून बाजूला ठेवला आणि मला टाचांवर चालायला, चवड्यांवर चालायला, पुढे वाकायला, मागे झुकायला लावलं. पायांची ताकद आणि संवेदना तपासल्या. मग म्हणाली, “काकू, तुमच्या वयाच्या, पाठ न दुखणाऱ्या बायकांचे एमआरआय काढले तरी त्यातल्या बऱ्याच जणींचा अहवाल असाच येईल.” मला खरं वाटेना. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यातले आकडे तिने दाखवले. पाठीची काहीही तक्रार नसलेल्या पन्नाशीच्या माणसांत सुमारे ८० टक्के जणांच्या गाद्या झिजलेल्या आणि ६० टक्के जणांच्या फुगलेल्या आढळल्या होत्या. त्या दिवशी मी कित्येक महिन्यांनी निर्धास्त झोपले. अहवाल हातात देतानाच रुग्णाला एवढं सांगितलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तिने पहिला व्यायाम दिला तो पालथं झोपण्याचा. पालथं पडायचं, तळवे खांद्यांखाली ठेवायचे आणि कंबर सैल सोडून फक्त हातांच्या जोरावर छाती वर उचलायची. भुजंगासनासारखंच, पण पाठीचे स्नायू न आवळता. याची सुरुवात न्यूझीलंडमध्ये १९५६ साली झाली. रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टचा एक रुग्ण डोक्याकडची बाजू वर उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला आणि उठला तो पायातली कळ कमी झाली असं सांगतच. हे सगळ्यांना लागू पडत नाही. काहींचं दुखणं याने वाढतंही, म्हणून आधी तपासून घ्यावं लागतं. मला लागू पडलं. पोटरीतली कळ आधी मांडीत आली, मग कुल्ल्यात आणि शेवटी कंबरेच्या मधोमध. कंबर तेव्हा जास्तच ठणकत होती, तरी तिने ते सुधारणेचं लक्षण मानलं.

पुढचे तीन व्यायाम कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांचे. मला सगळ्यात आवडला तो ओणवं होण्याचा. हात-गुडघे जमिनीवर टेकायचे, मग उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे ताणायचा, नंतर उलट. कंबर जराही कलायला नको. मुलीने माझ्या कंबरेवर पाणी भरलेली स्टीलची वाटी ठेवली. सुरुवातीला पाय उचलायच्या आतच पाणी पाठीवरून ओघळायचं. दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ तसं थांबायचं नाही, फेऱ्या वाढवायच्या, असा नियम. ज्या दिवशी वाटी भरलेलीच खाली उतरली त्या दिवशी सासूबाईंनी शिरा केला.

सगळ्यात मोठं काम झालं ते मात्र बादलीने. आधी झाडूची काठी पाठीवर उभी धरायची. डोकं, पाठ आणि माकडहाड अशा तिन्ही ठिकाणी ती टेकलेली ठेवून खुब्यातून वाकायचं. ते अंगवळणी पडल्यावर स्टुलावरची रिकामी बादली उचलायची, मग त्यात दोन तांबे पाणी, मग पाव बादली, मग स्टूल काढून जमिनीवरून. ज्या वजनाला मी इतके महिने भीत होते तेच औषध म्हणून मोजून मापून दिलं जात होतं. अर्धी बादली जमिनीवरून उचलताना हात थरथरत होते. कंबर शांत होती.

सकाळी उठल्याबरोबर पुढे वाकायला तिने मनाई केली होती. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. शेजारच्या काकांनी आपुलकीने पहाटेचे सूर्यनमस्कार सुचवले होते. ते मी पुढे सुरू केले, पण संध्याकाळी.

याच्या जोडीला चालणं. चारभिंतीच्या टेकडीचा चढ सुरुवातीला झेपत नव्हता, म्हणून सपाट रस्त्याने. पावसाळ्यात कॉलेज सुटल्यावर ग्रंथालयाच्या लांब व्हरांड्यात. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाने ७०१ जणांवर केलेला अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. कंबरदुखीतून बरे झालेल्यांपैकी ज्यांना टप्प्याटप्प्याने चालायला लावलं त्यांचं दुखणं उलटायला मध्यक २०८ दिवस लागले, काहीच न करणाऱ्यांचं ११२ दिवसांत उलटलं. चालण्याला पैसे पडत नाहीत. एवढं स्वस्त औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पहिल्या ओळीत का नसावं?

दुखणं पुन्हा आलं नाही असं नाही. गौरी-गणपतीत कामाची रेटारेटी झाली आणि कंबर पुन्हा धरली. फोनवर ती एवढंच म्हणाली, “थांबवू नका काकू, निम्मं करा.” निम्मं केलं. आठवडाभरात गाडी रुळावर आली. व्यायाम बंद करून पडून राहिले असते तर पुन्हा त्याच फेऱ्यात अडकले असते, याबद्दल मला शंका नाही. माझा पट्टा आता कपाटात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी ज्या सूचना काढल्या त्यांत आखून दिलेल्या व्यायामाची शिफारस आहे आणि पट्टे व ट्रॅक्शन सरसकट वापरू नयेत असंही म्हटलं आहे.

आज मी गठ्ठे उचलते. मामा अजूनही धावत येतात, मग आम्ही दोघं मिळून उचलतो. लांबच्या एसटी प्रवासानंतर कंबर बोलते. पण तिच्या बोलण्याने आता माझा दिवस मोडत नाही.

तुमचं दुखणं तीन महिन्यांच्या वर गेलं असेल तर चांगल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या आणि तुमच्या कंबरेपुरता व्यायाम आखून घ्या. माझा उचलू नका. मात्र लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, ताप किंवा वजन घटणं सोबत असलं, तर व्यायामाचा विचारही न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.