अण्णांचे वेळापत्रक

२०१७ च्या जानेवारीत धाकट्या भावाचा इंग्लंडहून फोन आला. तो व त्याचे दोन इंग्रज सहकारी एक जुनी, भंगारात निघालेली मोटार घेऊन जुलैमध्ये मंगोलियाच्या दिशेने निघणार होते. मंगोल रॅली नावाचा हा उद्योग २००४ मध्ये सुरू झाला. मोटार लहान आणि स्वस्त हवी, इंजिन साधारण एक लिटरचे. अंतर सुमारे १६,००० किलोमीटर. संयोजक ना मार्ग आखून देत, ना वाटेत मदत करीत. आमच्या केडगावात अजून दिसणाऱ्या मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे. म्हणजे तीही चालली असती!

मला हा सारा पोरकटपणा वाटला. अण्णांना तसे वाटले नाही. ते एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. नगरच्या माळीवाडा स्थानकावर त्यांची उमेदीची वर्षे गेली. भावाने तिकडेच स्थायिक व्हायचे ठरविल्यापासून दोघांत संभाषण असे उरले नव्हते. फोन आला की "आईला देतो" एवढेच. त्या रात्री मात्र त्यांनी माझ्या हातून फोन घेतला आणि विचारले, "चालक किती?"

दुसऱ्या दिवशी एक वही आली. चाळीस दिवस धरले तर रोज चारशे किलोमीटर. पण अण्णांनी दर सहावा दिवस राखीव ठेवला. "गाडी बिघडणारच, हे धरूनच वेळापत्रक करायचे असते," असे ते म्हणत. बाकूजवळून कॅस्पियन समुद्र ओलांडणाऱ्या जहाजाला ठरलेली वेळ नसते, माल भरला की ते सुटते, हे ऐकून ते मनापासून हसले. "म्हणजे आपली काळी-पिवळी जीपच की!" पण त्याच जहाजापायी व्हिसाची मुदत संपू शकते हे कळल्यावर त्यांनी तिथे आणखी चार दिवस वाढविले. कझाकस्तान आणि मंगोलिया यांच्या सीमा एकमेकींना भिडत नाहीत, मध्ये जेमतेम चाळीस किलोमीटरचे अंतर राहते व त्यासाठी रशियात शिरावे लागते, हे त्यांनी माझ्या मुलीच्या नकाशावर शोधून काढले.

वर्गात गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' शिकवताना मी १८५७ च्या धामधुमीवरच भर देत असे. त्या वर्षी प्रथमच माझे लक्ष घरच्यांकडे गेले. कर्जाचा भार हलका करायला मुलगा वरसईहून उत्तरेकडे निघतो तेव्हा मागे राहणाऱ्या आईवडिलांच्या हाती काय असते? निरोप देणे आणि वाट पाहणे. अण्णांच्या हाती निदान एक वही होती.

अडचण निघाली ती पासपोर्टाची. इंग्रज सोबत्यांना युरोपभर मुक्तद्वार. भावाला जवळजवळ प्रत्येक सीमेसाठी अर्ज. एका देशाचे उत्तर निघायच्या दिवसापर्यंत आले नाही. सोबती गेले, तो राहिला. अण्णांनी वहीत तारीख घालून लिहिले : 'फेरी रद्द'. नोकरीतली हजारो वेळा लिहिलेली अक्षरे; या वेळी मात्र ती थोडी वाकडी आली होती.

साठवलेली रजा घेऊन भाऊ ऑगस्टमध्ये केडगावला आला. तीन आठवडे राहिला. संध्याकाळी दोघे ओट्यावर बसून ती वही उघडत आणि आज सोबती कुठे असतील याचा हिशोब करीत. अण्णांचा अंदाज बहुधा दोन दिवसांनी चुके. गाडी त्यांच्या अपेक्षेपेक्षा कमी बिघडत होती. याचे त्यांना थोडे वाईटच वाटे.

२०१९ मध्ये अण्णा गेले. भावाला पोहोचायला दीड दिवस लागला. क्रियाकर्म आटोपल्यावर त्याने ती वही मागितली. मी दिली; शेवटचे पान तेवढे झेरॉक्स करून ठेवले आहे.