सव्वादोन मीटरांचा फेरा

सायकल मी बाबांच्या सायकलवर शिकले. काळी, चोवीस इंची, दांडीची. सीटपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, म्हणून दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालायचा, डाव्या हातानं हँडल धरायचं, उजव्या हाताची मिठी दांडीला, आणि हाफ पायडल मारत गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. ती एकीकडे झुकलेली, मी दुसरीकडे. तरी दोघी उभ्या राहायचो.

खंडेनवमीला तिचं ऑइलिंग घरीच व्हायचं. ओसरीवर जुने पेपर, ताटलीत रॉकेल आणि रॉकेलच्या तळाशी छर्रे. पुढच्या चाकात एकेका बाजूला १०, मागच्यात ९. मोजायचं काम माझं. बाबा वाटीत ग्रीस भरून एकेक छर्रा चिमटीनं बसवत, कोन आवळत, मग किंचित सैल करत. चाक उचलून फिरवलं की म्हणत, "ऐक." काहीच ऐकू आलं नाही की काम झालं. मग तिला झेंडूची माळ.

नोकरी लागल्यावर मी माझी लेडीज सायकल घेतली. दांडी नाही, त्यामुळे साडीत बसता-उतरता येई. चेनला पूर्ण कव्हर, पदर अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी, पुढं टोपली. विठ्ठलवाडीहून दांडेकर पूल, सारसबाग, टिळक रोड, लक्ष्मी रोड असा रोजचा रस्ता. या सायकलवर माणूस ताठ बसतो, आणि ताठ बसल्यामुळे त्याला कंपाउंडच्या भिंतीपलीकडचं दिसतं. कुणाचा पारिजातक फुलला, कुणाकडे पापड वाळत घातलेत, कुठल्या घराला कुलूप लागलं, हे मला बातमीसारखं रोज कळायचं. येताना टोपलीत मेथीची जुडी असायची. मला वाटतं, शहर ओळखायला यापेक्षा चांगला वेग नाही. चालताना फार थोडं पाहून होतं आणि गाडीवरून काहीच नाही. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, तेव्हा ऑफिस सुटायच्या वेळी रस्ताभर घंट्या वाजायच्या. आता सायकलवाल्याला रस्त्याच्या कडेची वीतभर जागा मिळते, तीही उभ्या गाड्यांमधून. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

निवृत्त झाले तेव्हा लेकीनं गिअरची सायकल आणली. टायर बोटभर रुंदीचा, हवा दगडासारखी कडक. तिच्यावर वाकून बसावं लागतं. पहिले पंधरा दिवस मान आणि मनगटं कुरकुरत होती, मग ती गप्प झाली. रविवारी पहाटे साडेपाचला निघते. खडकवासल्याच्या पाण्यावर अजून धुकं असतं. गोळेवाडीच्या नाक्यापासून सिंहगडाचा घाट सुरू होतो. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास, गड तेराशेच्या वर.

बाबांच्या सायकलला पुढं ४४ दाते, मागं १८. पायडलचा एक फेरा मारला की ती साधारण साडेपाच मीटर पुढं जाते. सपाटीला ते छानच, पण घाटात तेवढा भार गुडघ्यांना उचलत नाही. उतरून ढकलावी लागते. गिअरच्या सायकलला मी पुढं ३४ आणि मागं ३२ दाते लावते. मग एका फेऱ्यात जेमतेम सव्वादोन मीटर. चढ तेवढाच राहतो, फक्त तो लहान लहान घासांत वाटला जातो. एका वळणावर करवंदीची जाळी आहे, तिच्याशी नेहमी दम लागतो. तिथं आकडे आठवत नाहीत. एक फेरा, मग आणखी एक, एवढंच असतं. वर मडक्यातलं दही मिळतं. त्याची चव जीपनं वर आलेल्या माणसाला कळते का, मला शंका आहे.

बाबांच्या सायकलचे टायर, २८ बाय दीडचे, अजून मिळतात. तिला ब्रेकच्या दोऱ्या नाहीत, सळया आहेत. दाबल्या की कर्र आवाज करून सावकाश थांबते, त्यामुळे थांबायचं असेल तर आधीच ठरवावं लागतं. तिच्यावर घाई करताच येत नाही. आता माझे पाय पुरतात. संध्याकाळी ड्रेस घालून, टांग मारून, मी तिच्यावर नदीकाठानं विठ्ठलाच्या देवळापर्यंत जाऊन येते. अंधार पडला की वाकून डायनॅमोची कळ दाबते. त्याचं चाक टायरला घासून घुर्र करू लागतं, पायडल किंचित जड होतं, आणि रस्त्यावर एक पिवळा, थरथरता गोल पडतो. जोर लावला की गोल उजळतो. समोरून कुणी आलं, मी हळू झाले, की तो मंद होतो, आणि पाय टेकला की विझतो. मग ते गृहस्थ जाईपर्यंत मी अंधारात उभी असते, हात दांडीवर.