सरासरीत न सापडणारा वारा

नायजेरियापासून अंगोलापर्यंतच्या खोल समुद्रात चक्रीवादळे येत नाहीत, एरवीचा वाराही बेताचाच असतो. तरीही तेथे साखळदंडांनी जागेवर धरून ठेवलेल्या, तेल काढून साठवणाऱ्या प्रचंड जहाजांचा आराखडा करताना अभियंत्यांना सर्वाधिक छळतो तो वाराच, आणि तोही तासाभरात ओसरणारा. त्यास चंडवात म्हणतात. जागतिक हवामान संघटनेच्या व्याख्येनुसार वाऱ्याचा वेग एकाएकी सेकंदाला किमान ८ मीटरने वाढून ११ मीटर किंवा त्यापुढे गेला आणि निदान एक मिनिट टिकला, तर तो चंडवात ठरतो. गडगडाटी ढगातील पावसाच्या बाष्पीभवनाने गार व जड झालेली हवा खाली कोसळून समुद्रपृष्ठावर चहूकडे पसरते, हे त्याचे मूळ. वळवाच्या सरीपूर्वी अंगणात शिरणारा गार वारा याच जातीचा.

मोजणीची अडचण सरासरीपासूनच सुरू होते. आठ मिनिटे सेकंदाला ५ मीटरने आणि दोन मिनिटे २५ मीटरने वाहिलेल्या वाऱ्याची दहा मिनिटांची सरासरी अवघी ९ मीटर भरते, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ही चूक दाबाच्या हिशेबात सातपटीहून मोठी होते. सुमारे ३१ किलोमीटरच्या चौकटींत जग मांडणाऱ्या ‘इरा-५’सारख्या संगणकीय नोंदसंचात तर चंडवात जवळजवळ उमटतच नाही. म्हणून सेकंदागणिक नोंद करणारे वायुवेगमापक लागतात. पण ते बहुधा क्रेनच्या वा ज्वाळामनोऱ्याच्या आसपास, पोलादी सांगाड्याने वळवलेल्या हवेत बसवलेले असतात, आणि त्यांचे आकडे १० मीटर या प्रमाण उंचीवर आणताना वापरली जाणारी, उंचीबरोबर वेग वाढत जातो असे मानणारी सूत्रे येथे फसतात, कारण कोसळून पसरलेल्या हवेचा सर्वाधिक वेग पुष्कळदा पृष्ठभागापासून काही दशक मीटरांवरच असतो.

खरा वाद मात्र त्यापुढचा आहे. नोंदलेला चंडवात सेकंदाला २० मीटरचा आणि आराखड्यासाठी हवा असलेला ३० मीटरचा असेल, तर संपूर्ण नोंदीला दीडने गुणण्याची रूढी आहे. त्यामुळे दाब सव्वादोनपट होतो हे योग्यच. परंतु वेग चढण्याचा अवधी तोच राहिल्याने चढही दीडपट तीव्र होतो, आणि निसर्गातील मोठे चंडवात खरोखर असेच चढतात याचा पुरेसा पुरावा नाही. जहाज किती वेगाने वळेल आणि साखळदंडावर किती ताण येईल, हे शिखरवेगाइतकेच या चढावर आणि वाऱ्याने बदललेल्या दिशेवर अवलंबून असते. त्यामुळे सोयीचा हा गुणाकार सुरक्षिततेच्या बाजूने चुकतो की धोक्याच्या, हे प्रत्येक जहाजागणिक तपासावे लागते. मुंबई हायचे फलाट समुद्रतळात रोवलेल्या पायांवर उभे असल्याने तेथे हा प्रश्न इतका बोचत नाही, लाटांचाच विचार आधी करावा लागतो.

त्यात आराखड्यासाठी धरला जाणारा ‘शंभर वर्षांचा वारा’ म्हणजे एकदा येऊन गेल्यावर शतकभर निश्चिंती, असा समज सुशिक्षितांतही आढळतो; वास्तविक त्याचा अर्थ दरवर्षी शेकडा एक इतकी शक्यता, एवढाच आहे. त्या वाऱ्याचा वेगही काही मोजक्या वर्षांच्या नोंदींवरून काढलेला असतो. म्हणून समुद्रातील फलाटांवरच्या सेकंदागणिक नोंदी सरासरी काढून झाल्यावर पुसून टाकू नयेत आणि कंपन्यांनी त्या गोपनीयतेच्या नावाखाली कुलूपबंदही ठेवू नयेत.