किरायाच्या दोन खोल्या



जून लागला की आमच्या अमरावतीत गल्लोगल्ली आईबाप पोरांना घेऊन फिरताना दिसतात. कोणी धारणीहून आलेले, कोणी दर्यापूर-मोर्शीहून. फाटकाशी उभं राहून एकच विचारणा, "खोली किरायानं आहे का?" (भाडं हा पुस्तकातला शब्द, आम्हा वऱ्हाड्यांचा किराया.) त्याच दिवसांत मंदिरात स्वाध्याय संपला की आपल्या बायकांतही तोच विषय. कोणाचा किरायेदार चांगला निघाला, कोणाचा डोक्याला ताप झाला. मी वरच्या दोन खोल्या २००७ पासून देते आहे. त्यात मला काय मिळालं ते आज लिहिते. पैशांची वही वेगळी.

मुळात या खोल्या उभ्या राहिल्या त्या एका किरायेदारामुळे. त्यासाठी अकोल्याला, माझ्या माहेरी जावं लागेल.

जुन्या शहरात आमचा वाडा होता, चार बिऱ्हाडं किरायानं. तेव्हा विदर्भात १९४९ चा रेंट कंट्रोल ऑर्डर चालत होता. कंट्रोलरच्या लेखी परवानगीशिवाय मालकाला खोली सोडण्याची नोटीससुद्धा देता येत नसे. किराया वर्षानुवर्षं तेवढाच. म्हणून कितीतरी मालकांनी दुरुस्तीच सोडून दिली. गळते तर गळू दे, कंटाळून जाईल आपोआप. बाबांचं तसं नव्हतं. मृग लागायच्या आत ते टिनं आणि कवेलू बदलून घ्यायचे, चारही बिऱ्हाडांची.

त्यातला एक माणूस कापडाच्या मिलमध्ये कामाला होता. मिल बंद पडली आणि अकरा महिने किराया आला नाही. तीन महिन्यांची थकबाकी असली तर कंट्रोलरकडे परवानगी मागता येत होती. मोठा भाऊ तसं म्हणालाही. बाबा म्हणाले, "अर्जाचं पावसाळ्यानंतर पाहू." आणि त्या वर्षी त्याच्याच खोलीवरची टिनं आधी बदलली. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "मालक, माह्याकडून तर पैसाच येत नाही, मंग टिनं कायले बदलता?" बाबा म्हणाले, "किराया थांबला म्हणून पाऊस थांबते काय?" तो अर्ज पुढे कधीच झाला नाही. त्याला दुसरीकडे काम लागलं, दोन वर्षांत त्यानं सगळे पैसे फेडले.

२००६ मध्ये वाडा विकायचं ठरलं. बाबा तोवर गेले होते. गिऱ्हाइकाला वाडा रिकामा हवा होता. नवीन भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला होता, पण जुन्या किरायेदारांना त्यातही संरक्षण होतं. वकील म्हणाले, दावा टाकला तर दहा-पंधरा वर्षं धरून चाला, नाहीतर पैसे देऊन उठवा. तिघांना पैसे देऊनच उठवलं. या माणसाच्या मुलानं गोरक्षण रोडला घर बांधलं होतं. तो स्वतः किल्ली घेऊन आला. भावानं पाकीट पुढे केलं, त्यानं घेतलं नाही. "तुमच्या बाबानं आमच्या लेकरायवर पाऊस पडू देला नाही," एवढं बोलला, चहा घेतला आणि गेला.

विक्रीतला माझा वाटा भावांनी आपणहून दिला. त्यातून आमच्या घरावर या दोन खोल्या चढल्या.

मुलगा चेष्टेनं म्हणतो, "आई, तू किरायानं देतेस की धर्मशाळा चालवतेस?" समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात दानाचे चार प्रकार सांगितले आहेत, आहार, औषध, उपकरण आणि आवास. आवासदानाचा दृष्टांत म्हणून कोणी राजा नाही की शेठ नाही, चक्क एक डुक्कर आहे. टीकेत त्याची कथा येते. देविल नावाचा कुंभार आणि त्याचा भागीदार धमिल्ल यांनी वाटसरूंसाठी मिळून एक घर बांधलं. देविलानं तिथे मुनिराजांना उतरवलं, तर धमिल्लानं त्यांना बाहेर काढून दुसऱ्याच साधूला आणून बसवलं. मुनींनी रात्र झाडाखाली काढली. दोघे भागीदार भांडून मेले. देविल डुक्कर झाला, धमिल्ल वाघ. पुढे गुहेत बसलेल्या मुनींवर वाघ चालून आला, तेव्हा हे डुक्कर दारात आडवं झालं आणि लढता लढता मेलं. त्याला स्वर्ग मिळाला, वाघाला नरक. जागा एकच, मालक दोन. सामायिक घर असलेल्या बायकांना ही कथा निराळी समजवावी लागत नाही.

पण पैसे घेऊन दिलेली खोली म्हणजे आवासदान नव्हे. तो व्यवहार आहे, आणि व्यवहाराला दान म्हटलं की मालकिणीला उपकार केल्यासारखं वाटू लागतं. मग कोण आलं, कोण गेलं ते विचारायचं, पाहुणे मोजायचे, कूलर बंद करायला लावायचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. पाणी गाळून पिणाऱ्या घरात "कूलर लावायचा नाही" अशी अट कशी बसते, मला कळत नाही.

माझ्या कामाचा नियम मला दानापेक्षा अचौर्यात सापडला. दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतो. सातव्यात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आहेत, त्यात एक हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घ्यायचं माप मोठं आणि द्यायचं लहान. मला तिथे विजेचं सबमीटर दिसतं. बिलात पडतो तो दर एक आणि किरायेदाराला लावतो तो दुसरा. दोघांचे युनिट एकाच मीटरवर चढले की दर वरच्या टप्प्यात जातो हे खरं. म्हणून मी पूर्ण बिलाला पूर्ण युनिटनं भागते आणि तोच दर खाली-वर दोघांना लावते. बिलाची झेरॉक्स जिन्यात टांगलेली असते. तसंच आयकराचं. किरायाच्या उत्पन्नातून ३० टक्के वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च किती झाला ते कोणी विचारत नाही. मी तेवढी रक्कम बाजूला काढते आणि खोल्यांवरच लावते. करारही नोंदवूनच घ्या. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी नको असं आपल्या बायका म्हणतात, पण आपल्या राज्यात ती लागतेच आणि जबाबदारी मालकाची आहे.

२०१९ मध्ये धारणीकडची एक कोरकू मुलगी आली, नर्सिंगला. मी तिला सांगितलं, घरात मांस, अंडी, दारू नाही. कांदा-बटाटा तुझा तू. बाहेर काय खातेस ते मी विचारणार नाही. "चालते काकू," म्हणाली. मंदिरात मला दोघींनी बाजूला घेऊन विचारलं, दुसरं कोणी मिळालं नाही का? मिळालं असतं. पण अट स्वयंपाकाची होती, ती तिला मान्य होती. जात विचारायला माझ्या करारात रकाना नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला आणि त्याच आठवड्यात ह्यांना ताप आला. पोरगी दिवसातून दोनदा जिन्यात उभी राहून ऑक्सिमीटरचा आकडा विचारायची. चौथ्या रात्री ९१ सांगितला, तर म्हणाली, "काकू, सकाळची वाट नका पाहू." फोन करकरून बेड तिनंच शोधला. हे बाराव्या दिवशी घरी आले.

१ तारखेला ती नेहमीसारखा किराया घेऊन आली. हे म्हणाले, या महिन्याचा घेऊ नको. मी घेतला आणि पावती दिली. सोडला असता तर तिनं जे केलं त्याची किंमत एक महिन्याचा किराया ठरली असती. तिनंही पावती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि वर गेली.

आता ती परतवाड्याला नोकरीला आहे, तिथे स्वतः किरायानं राहते. मागच्या आठवड्यात फोन आला, "काकू, इथला मालक पंधरा रुपये युनिट लावते, काय करू?" मी म्हटलं, बिलाची झेरॉक्स माग.