सिद्धेश्वर एक्स्प्रेसने व्हिसाला

चीनमध्ये शिकायला जाणाऱ्यांच्या व्हिसाला आता एक्स-१ म्हणतात. २००७ साली मी एमबीबीएससाठी नानजिंगला निघाले तेव्हा तो नुसता एक्स होता. अभ्यासक्रम १८० दिवसांहून मोठा असेल तर एक्स-१ आणि छोटा असेल तर एक्स-२, ही वाटणी २०१३ च्या सप्टेंबरपासूनची. २०२५ च्या उन्हाळ्यात माझी भाची सूझौला जायची म्हणून तिचे कागद जुळवायला बसले आणि त्या जुन्या एक्सचे दिवस आठवत राहिले.

तेव्हा सोलापुरात चीनला शिकायला जाणं नवलाचंच होतं. आजोबांना १९६२ चं युद्ध आठवलं, तर शेजारच्या काकूंना डॉ. कोटणीस. कोटणीस आमच्याच गावचे. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. काकूंना त्यांचा केवढा अभिमान, आणि म्हणूनच माझी केवढी काळजी! घरात दोन दिवस वाद चालला. नानजिंगहून कुरियरने प्रवेशपत्र आणि व्हिसासाठी लागणारा जेडब्ल्यू २०२ चा फॉर्म आला तेव्हा तो मिटला. फॉर्मवर लाल गोल शिक्का होता, मध्ये चांदणी. तो कागद वाड्यातल्या प्रत्येकाने हातात घेऊन पाहिला. आईने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या फडताळात ठेवला. मूळ फॉर्म हरवला तर व्हिसा नाही, हे तिला कुणी वेगळं सांगावं लागलं नाही.

सगळ्यात वेळ गेला तो वैद्यकीय तपासणीत. चीनचा स्वतःचा ठरलेला फॉर्म असतो आणि तो अजूनही जवळजवळ तसाच आहे. रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, एचआयव्ही, सिफिलिस. फॉर्मवर फोटो चिकटवायचा आणि रुग्णालयाचा शिक्का असा मारायचा की अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर उमटेल. शिक्का बाजूला पडला तर फॉर्म बाद. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी असा फॉर्म पूर्वी पाहिलेला नव्हता. त्यांनी तो ओळ न् ओळ वाचला, बाबांना समोर बसवलं, चीनमधल्या अभ्यासक्रमाची चौकशी केली. मग शिक्का शाईत दोनदा दाबून, आधी रद्दी कागदावर उमटवून पाहून माझ्या फोटोच्या कडेवर मारला. त्या माणसाने दिलेला वेळ मी विसरलेले नाही. आज मी स्वतः डॉक्टर आहे, आणि मुलं असे फॉर्म घेऊन आली की शिक्का मी स्वतः मारते. ते काम मी कंपाउंडरकडे देत नाही.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांचं साक्षांकन हा वेगळाच व्याप. आधी नोटरी, मग मंत्रालय, मग दिल्लीत परराष्ट्र खातं आणि शेवटी चिनी वकिलात. शिवाय एमसीआयचं, म्हणजे मेडिकल कौन्सिलचं, पात्रता प्रमाणपत्र दिल्लीहून पोस्टाने यायचं होतं. पासपोर्ट पुण्याच्या कार्यालयाकडून. प्रत्येक कागदासाठी पोस्टमनची वाट पाहावी, असे ते दिवस होते.

मुंबईला बाबा आणि मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जायचो. रात्री गाडीत बसायचं, सकाळी सीएसटीला तोंड धुवायचं आणि वकिलात उघडायच्या आधी रांगेत उभं राहायचं. अर्ज खिडकीवर स्वतः द्यायचा. हाताने, काळ्या शाईने, कॅपिटल अक्षरांत भरलेला. रांगेत लातूरचे, नांदेडचे, जळगावचे पालक भेटायचे. कुणाच्या मुलाला खासगी महाविद्यालयाची देणगी परवडलेली नव्हती, कुणाची सरकारी जागा दोन-चार गुणांनी हुकलेली. सगळ्यांकडे झेरॉक्सचे जादा संच असायचे, आणि आपल्याकडे कमी पडलेला कागद दुसऱ्याच्या फाइलमधून निघायचा. तिथे जमलेली ओळख पुढे नानजिंगच्या वसतिगृहातही टिकली. 

पासपोर्ट परत मिळाला तेव्हा व्हिसाच्या स्टिकरवर मुक्कामाच्या रकान्यात ००० छापलेलं होतं. बाबांचा चेहरा उतरला. शून्य दिवस राहायचं म्हणजे काय? खिडकीवरच्या बाईंनी समजावलं: हा व्हिसा फक्त आत शिरण्यापुरता. पोचल्यावर ३० दिवसांच्या आत तिथल्या पोलिसांकडून निवासपरवाना काढायचा, तोच खरा. बाबांनी ते डायरीत लिहून घेतलं आणि परतीच्या गाडीत मला तीनदा वाचून दाखवलं.

भाचीच्या स्टिकरवरही तेच ००० आहे. बदललं आहे ते स्टिकरपर्यंत पोचणं. तिचा पासपोर्ट सोलापुरातल्याच सेवा केंद्रातून निघाला. पोलिसांचं ना-गुन्हा प्रमाणपत्र ऑनलाइन अर्जावर मिळालं. साक्षांकनाचा व्याप मात्र तिलाही चुकला नाही: चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टिल करारात आला, पण भारत आणि चीनमध्ये तो करार लागू नव्हता, म्हणून वकिलातीची पायरी राहिलीच. जेडब्ल्यू २०२ पीडीएफ होऊन तिच्या मेलवर आला. तो आला त्या रात्री ती एकटीच जागी होती. सकाळी चहाच्या वेळी तिने आम्हाला फोन दाखवला. फोटो ३३ बाय ४८ मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. कान झाकलेले असतील तर संगणकच परत पाठवतो. काम सोपं झालं आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. शेतातली कामं टाकून, मजुरी बुडवून मुंबईला खेपा घालणारे बाप मी पाहिले आहेत. त्या खेपांचं कौतुक मी करणार नाही. हुरहूर आहे ती माणसांची. रांगेत ज्याच्याकडे कागद मागावा असं कुणी तिला भेटलंच नाही.

पण एका गोष्टीत तिची पिढी आमच्यापेक्षा फार शहाणी आहे, आणि ते शहाणपण महागात मिळालेलं आहे. कोविडच्या साथीत, २८ मार्च २०२० ला, चीनने परदेशी लोकांचे चालू व्हिसा आणि निवासपरवानेसुद्धा गोठवले. सुट्टीला घरी आलेली भारतीय मुलं, सुमारे २३ हजार, अडकून पडली. आमच्या गल्लीतला एक मुलगा तिसऱ्या वर्षाला होता. चीनचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. आठचा तास म्हणून तो पहाटे साडेपाचला अंगणात लॅपटॉप घेऊन बसायचा, घरात रेंज नव्हती म्हणून. शवविच्छेदन, वॉर्डातल्या फेऱ्या, सगळं पडद्यावर. पासपोर्टमधला परवाना बघता बघता संपून गेला. व्हिसा पुन्हा मिळू लागले ते २४ ऑगस्ट २०२२ पासून. तोवर एक अख्खी बॅच रुग्णाला हात न लावता पुढच्या वर्गात गेली होती. आमच्यासाठी स्टिकर मिळालं की काळजी मिटायची. या मुलांसाठी स्टिकर म्हणजे सरकारांची मर्जी राहील तोवरची सोय.

म्हणून भाचीने आधी विचारले ते प्रश्न आम्हाला सुचलेही नव्हते. शिक्षण पूर्ण इंग्रजीतून आहे का? इंटर्नशिप तिथेच करता येते का? चीनमध्ये वैद्यकीय परवाना मिळवता येतो का? कारण तो मिळायला पात्र नसेल तर भारतात परतून इथल्या परवान्याच्या परीक्षेला बसता येत नाही. २०२२ च्या सप्टेंबरात बीजिंगच्या आपल्या दूतावासाने जाहीर केलेले आकडे तिला तोंडपाठ होते: २०१५ ते २०२१ मध्ये चीनहून परतलेले ४०,४१७ जण परीक्षेला बसले, पास झाले ६,३८७. परदेशात एमबीबीएसला जायचं तर नीट ही प्रवेशपरीक्षाही २०१८ पासून बंधनकारकच. हे सगळं जाणून ती निघाली. मला तिची भीती कमी आणि आदर जास्त वाटला.

एक बाब मात्र उलटी झाली आहे. मी कॉलिंग कार्ड खरवडून घरी बोलायचे, मिनिटं मोजत, पण फोन लागायचा. आता चीनमध्ये सगळं वीचॅटवर चालतं आणि वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे. व्हॉट्सअॅप तिथे सरळ चालत नाही. विद्यापीठाचे निरोप एका अॅपवर, आईचे दुसऱ्यावर. दोन बलाढ्य शेजाऱ्यांनी एका आईचा फोन अवघड करावा, याचा मला राग येतो.

निघायच्या आदल्या दिवशी तिची बॅग आम्ही दोघींनी भरली. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मोठ्या बॅगेत गेली. एक्स-रेची फिल्म, ईसीजी आणि रक्ताचे मूळ अहवाल ती खालीच ठेवत होती, तर मी ते हातसामानात घालायला लावले. मूळ कागद दाखवता आले नाहीत तर तिथे सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतात, पैसे भरून. वसतिगृहाबाहेर राहिलीस तर २४ तासांत पोलिसांत नोंद, आणि निवासपरवान्याचे ३० दिवस पोचल्या दिवसापासून मोज, हेही सांगितलं. "मावशी, फोनमध्ये रिमाइंडर लावलाय," ती म्हणाली. मी तरी बाबांच्या डायरीतलं ते पान झेरॉक्स करून तिच्या फाइलमध्ये सरकवलं.